बंडूमामाचा भाव

आमच्या चीफची नजर शेवटी शेवटी अधू झाली होती, असं सिंगापुरातल्या काही मंडळींचं मत आहे. चारशेची वस्तू पंधराशे एकला घेणाऱ्या माणसाबद्दल दुसरं काय मत होणार? गेल्या वर्षी चीफ पुण्यात वारले. त्यानंतर इथे आम्ही शोकसभा घेतली. शोकसभा म्हणजे पाच माणसं, एक फोटो आणि खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून आणलेली कॉफी. तिथेही कुणीतरी हसत हसत तोच किस्सा सांगितला. मी कॉफी ढवळत बसलो. साखर घातलेली नव्हती, तरी ढवळत बसलो.

चीफच्या नजरेत दोष नव्हता. दोष कुठे होता ते मला चांगलं माहीत आहे, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते पोटात ठेवून झोप लागत नाही. पण आधी चीफ कोण होते ते सांगितलं पाहिजे.

अनंत टिपणीस हे त्यांचं नाव. गाव रेवदंडा. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होते, म्हणून निवृत्तीनंतर क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावरही ते चीफच राहिले. शेजारची चिनी आजीसुद्धा त्यांना चीफ म्हणायची. फक्त सुमनवहिनी 'अहो' म्हणायच्या, आणि त्या 'अहो'त चीफ इंजिनिअरला साजेसा मान मला कधी ऐकू आला नाही.

या माणसाला नाद होता जुन्या अमेरिकन बेसबॉल कार्डांचा. पत्त्याएवढा पुठ्ठा, पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची माहिती. पूर्वी ही कार्डं च्युइंगमच्या पाकिटातून फुकट मिळत. आता त्यातल्या काहींना सोन्यासारखा भाव येतो. चीफचं जहाज एकदा एका अमेरिकन बंदरात दुरुस्तीसाठी महिनाभर अडकलं होतं. तिथे एका म्हाताऱ्याच्या अंगणात जुन्यापान्या वस्तूंची विक्री लागली होती. चीफ गेले होते पाने-पकडी बघायला आणि घेऊन आले बुटांचं खोकं भरून कार्डं.

"खेळ कळतो का तुम्हाला?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"आपलं विटीदांडूच. फक्त विटी गोल केलीय."

"एखादा सामना पाहिला असेल ना?"

"भावे, मी चाळीस वर्षं बेअरिंगं तपासली. ती फिरून कुठे जातात ते कधी बघितलं नाही."

त्यांना खेळात रस नव्हता, झिजेत होता. कुठलाही कोपरा कशाने झिजला ते ते सांगत. हा खिशात राहून मऊ झालाय, हा रबरबँडने कापलाय, हे उन्हात फिकं पडलंय. खेळाडूंची नावं त्यांनी पाठ केली नव्हती, स्वतः ठेवली होती. एक होता कानवाला. एक रुसलेला जावई. एकाला ते 'सोसायटीचा सेक्रेटरी' म्हणत. आणि सगळ्यांत लाडका होता बंडूमामा. रुंद कपाळ, झुपकेदार मिशा, एक डोळा बारीक. कुठल्याशा विसरलेल्या संघाचा हा कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक, रेवदंड्याच्या बंडूमामासारखा हुबेहूब दिसायचा. चीफना पोहायला शिकवलं ते या मामाने, विहिरीत ढकलून. त्या कार्डाचं चित्र चीफनी फक्त एका जुन्या कॅटलॉगात पाहिलं होतं. कार्ड त्यांच्याकडे नव्हतं.

"या कागदी बाप्यांनी माझं एक अख्खं कपाट खाल्लंय," वहिनी चहा देताना म्हणायच्या. "पैठणी सुटकेसमध्ये आणि हे मिशीवाले कपाटात."

आता थोडं या धंद्याबद्दल. अमेरिकेत काही कंपन्या कार्ड तपासतात, एक ते दहा असा ग्रेड देतात आणि ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. मग कुठल्या कार्डाला कुठल्या ग्रेडमध्ये काय भाव, याची प्राइस गाइडं निघतात. पूर्वी पुस्तकं निघत, आता बहुतेक फोनवरच असतात. चीफ या गाइडला 'पंचांग' म्हणत.

ग्रेड द्यायची सवय त्यांना इतकी जडली होती की कार्डांवर भागायचं नाही. टॅक्सीवाल्यांना, डोशाला, जावयाला, सगळ्यांना ग्रेड. वहिनींच्या उकडीच्या मोदकांना नऊ.

"दहा का नाही?" वहिनींचा दरवर्षीचा प्रश्न.

"दहा म्हणजे कुणी हात न लावलेलं. मी तर अकरा खाल्लेत."

मला त्यांनी सहा दिला होता. माझ्या तोंडावर, दुकानात, चारचौघांत. "भावे सहा. कोपरे मऊ झालेत, रंग उडालाय, पण मधे घडी नाही." कार्डाला घडी पडलेली असली की ग्रेड एकदम खाली येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आपला सहावर रुसलो.

दुकान म्हणजे लिम अंकलचं, जुन्या कार्डांचं. क्वीन्सटाउनजवळच्या एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या दुसऱ्या मजल्यावर, शिंप्याच्या आणि दाताच्या डॉक्टरच्या मधोमध. दर शनिवारी दुपारी मी बुकित बातोकच्या माझ्या घरून तिथे जायचो. मी एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात ऑफिसचं काम करून निवृत्त झालेलो, मुलं ऑस्ट्रेलियात, बायको टीव्हीत. चीफ स्टुलावर बसलेले असत, खिशात भिंग आणि व्हर्निअर कॅलिपर. लोक कार्डं घेऊन येत आणि विचारत, "चीफ, हाऊ मच?" चीफ एक पैसा घेत नसत. आकडा सांगत, आणि तो आकडा बरोबर निघे. महिन्या-दोन महिन्यांनी लिलावात तसलं कार्ड विकलं जायचं ते चीफच्या आकड्याच्या आसपास, पंचांगाच्या नव्हे.

पुण्याचे कुलकर्णी तिथेच पहिल्यांदा आले. आयटीत मॅनेजर, स्विमिंग पूलवाल्या कॉन्डोत राहणारे, चाळिशीचे, हुशार. फोनवर गाइड उघडून म्हणाले, "काका, इथे पाच ग्रेडचा भाव स्वच्छ दिलाय. हजारो विक्रींची सरासरी असते ही. तुम्ही एकटे त्याहून बरोबर कसे?"

चीफनी दोन डब्या टेबलावर ठेवल्या. तोच खेळाडू, तेच साल, दोन्ही पाच ग्रेड. "यातली कुठली घ्याल?"

कुलकर्ण्यांनी क्षणभरही न थांबता डावीकडची उचलली.

"का?"

"ही... छान दिसते. चित्र मधोमध आहे. त्यातलं एका बाजूला सरकलंय."

"लिम अंकल, तुम्ही?"

"लेफ्ट वन lah, ऑफ कोर्स."

"शिंप्याला बोलवा."

शिंपी आला, त्यानेही डावी उचलली आणि निघून गेला.

"तिघांनी डावी घेतली," चीफ म्हणाले. "तुमच्या पंचांगात दोघींचा भाव एक. ग्रेड झीज मोजतो, कुलकर्णी, देखणेपण मोजत नाही. आणि सरासरी म्हणाल तर डावी महाग गेली, उजवी स्वस्त गेली, पंचांगाने मधला भाव छापला. त्या मधल्या भावाला या दोघींपैकी एकही कधी विकली गेली नाही."

कुलकर्ण्यांनी उजवी डबी पालथी करून बघितली. मग म्हणाले, "आणि जी कार्डं फारशी विकलीच जात नाहीत?"

"तिथे तर पंचांगवाला एखादी जुनी विक्री धरून बसतो. त्या दिवशी कोण विकत होता, त्याला पैशाची निकड होती का, घेणारे दोघे एकमेकांवर खार खाऊन होते का, हे त्याला काय माहीत?"

त्यांनी भावांना नावं दिली होती. गाइडमधला तो पंचांगभाव. विकणारा अडला असला की गरजभाव. आणि दोन घेणारे इरेला पेटले की हट्टभाव. गरजभाव आणि हट्टभाव दोन्ही पंचांगात जाऊन बसतात आणि सभ्य दिसायला लागतात, असं ते म्हणत. स्वतःच्या प्रत्येक डबीच्या मागे ते एक छोटं स्टिकर लावत. त्यावर बारीक अक्षरात पंचांगभाव आणि त्याखाली 'माझा भाव'. कार्ड घेताना 'माझा भाव'च्या वर एक डॉलर जायचा नाही, हा त्यांचा नेम. एक डॉलर म्हटलं ते अगदी शब्दशः, कारण चीफ शून्यावर संपणारी बोली कधी लावत नसत. दोनशे एक, तीनशे एक. "लग्नात पाचशेचं पाकीट देतो का आपण? वर एक नको?" लिम अंकल त्यांना 'मिस्टर वन डॉलर' म्हणायचे.

चीफची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे.

एकदा त्यांच्या घरी चहाला बसलो होतो. चीफ एकदम थांबले. "शिटी वाजतेय."

मला काही ऐकू येत नव्हतं. वहिनींनाही नाही. चीफनी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, टीव्हीची पिन काढली. शिटी चालूच. "इंजिनरूममध्ये शंभर आवाज असतात," ते मला सांगत होते. "बिघाड शोधायचा तर कान लावून उपयोग नाही. एकेक गोष्ट थांबवायची आणि दुसरं काय थांबतं ते बघायचं." सगळं बंद करून झालं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भावे, बाहेर जा."

"काय?"

"कॉरिडॉरमध्ये. दार लावून घ्या. बोलावलं की या."

गेलो. "या!" आलो. "जा." गेलो. "या." असं तीनदा. शेजारची आजी दारात येऊन हे बघत होती. तिसऱ्यांदा आत आलो तेव्हा चीफचा चेहरा खुलला होता.

"तुम्हीच!"

आदल्याच आठवड्यात मी कानात यंत्र बसवलं होतं. ते नीट बसलं नव्हतं आणि बारीक शिटी मारत होतं, फक्त मलाच ऐकू येत नव्हती.

"अहो, पण एकदा बाहेर पाठवून कळलं नसतं का? चहा गार झाला त्यांचा," वहिनी म्हणाल्या.

"एकदा म्हणजे योगायोग. दोनदा म्हणजे संशय. तीनदा झालं की सही करायची."

आता माझ्याकडे येतो.

चीफच्या शेजारी बसून बसून मलाही वाटायला लागलं की आपल्याला कळतं. मी एक कार्ड घेतलं, डबीत नसलेलं, सुटं. कोपरे इतके धारदार की बोटाला लागावेत. गाइड बघून भाव दिला आणि शनिवारी ऐटीत दुकानात नेलं. चीफनी ते हातात घेतलं.

"सत्तर वर्षांच्या माणसाचे दात असे असतात का हो?"

"कवळी असली तर असतात," मी म्हणालो.

"बरोबर बोललात." त्यांनी कॅलिपर काढला. "अर्धा मिलिमीटर कमी. कोपरे मऊ होते, कुणीतरी चारी बाजूंनी कात्री फिरवून नवे केलेत. हजामत झालीय याची." सगळे हसले. शिंपीही हसला, तो आपला उगाच येऊन उभा होता. मग चीफ म्हणाले, "भावे, आडनावात भाव असून उपयोग नाही. डोळ्यात पाहिजे."

त्यात दुखवण्यासारखं काही नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांनी मला डोसाही खायला घातला, सात ग्रेडचा. पण मला ते लागलं. यार्डात पस्तीस वर्षं मी साहेबांची बोलणी खाल्ली आणि विसरलो. हे वाक्य मात्र MRT च्या गाडीत, अंघोळीत, जेवताना पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी बंडूमामा लिलावात आला.

अमेरिकेतला ऑनलाइन लिलाव. चार ग्रेड, मिशा शाबूत. चीफ शनिवारी दुकानात आले तेच नवरदेवासारखे. "पंचांग सहाशे म्हणतं. पंचांग चुकतंय. या मामाला माझ्याखेरीज कोण विचारतो? चारशेच्या वर जाणार नाही. लिहून ठेवा." कुलकर्ण्यांनी खरंच फोनवर लिहून ठेवलं.

मी घरी गेलो आणि त्या साइटवर नाव नोंदवलं. त्या वेळी मनात एवढंच होतं की एकदा, फक्त एकदा, चीफचा आकडा चुकलेला बघायचा. मला वाटलं होतं, चारशे वीसपर्यंत नेऊ आणि सोडून देऊ.

रविवारी सकाळी, अमेरिकेतली शनिवारची संध्याकाळ, लिलाव संपायचा होता. बोली लावणाऱ्यांची नावं दिसत नाहीत, फक्त आकडे दिसतात. कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा दहा मिनिटं पुढे सरकतं. इतर लोक तीनशेच्या आसपास गळाले. मी चारशे वीस टाकले. थोड्या वेळाने पडद्यावर आकडा आला, पाचशे एक.

पाचशे एक! जगात पाचशेवर एक कोण ठेवतो? समोर बसलेला माणूस मला तेवढ्याने दिसला, बनियन आणि चष्म्यासकट. नेमाने वागणारा माणूस मामासाठी नेम मोडून बसला होता. त्याच क्षणी मी थांबायला हवं होतं. मी सहाशे टाकले.

सातशे एक. फोन वाजला.

"भावे, काय चाललंय?"

"काही नाही, पोहे खातोय."

"इकडे कोणीतरी गाढव माझ्या मागे लागलंय."

"अरेरे," मी म्हणालो. "कोण असेल हो?"

"तेच बघतोय." फोन ठेवला. मी आठशे टाकले.

नऊशे एक. पुन्हा फोन.

"भावे, तुमच्या त्या गुडघ्याच्या तेलाचं नाव काय?"

नाव सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, सावकाश. फोन ठेवला. मी हजार टाकले. अकराशे एक. तिसऱ्यांदा फोन.

"आज तारीख काय?"

माणूस हजारावर गेलाय आणि तारीख विचारतोय, डोकं ठिकाणावर नाही, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर गंमतही वाटली. तारीख सांगितली. बाराशे टाकले, आणि अंगात आल्यासारखे लगेच त्यावर आणखी दोनशे चढवले. स्वतःच्याच बोलीवर.

पंधराशे एक.

आता फोन वाजेल म्हणून मी थांबलो. चौथ्यांदा फोन आला नाही. दहा मिनिटं घड्याळ उतरत गेलं आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो. हिने आतून विचारलं, "पोहे गार झाले, खाताय ना?" लिलाव संपला होता.

पुढच्या शनिवारी चीफनी स्वतःच सांगितलं. "पंधराशे एकला घेतला."

"काका!" कुलकर्णी ओरडले. "तुम्ही? चारशे म्हणाला होतात!"

"युअर आय नो मोअर already, चीफ," लिम अंकल हळहळून म्हणाले. "गो सी डॉक्टर lah."

चीफ हसले. मग माझ्याकडे वळले. "कोणीतरी माझ्याएवढाच वेडा होता. कोण असेल, भावे?"

"असेल एखादा अमेरिकन."

"हं," ते म्हणाले. "अमेरिकन." त्यांनी भिंग काढलं आणि उगाच माझ्या तोंडासमोर धरलं. "भावे, उजेडात तिरपं धरलं ना, तर तुम्हाला एक बारीक घडी दिसतेय."

सगळे हसले. मीही हसलो.

थोड्याच काळात गाइडमध्ये बंडूमामाचा भाव सहाशेवरून पंधराशेवर गेला. एवढी एकच ताजी विक्री, तीच छापली. अमेरिकन संग्राहकांच्या एका चर्चेच्या पानावर त्या वरच्या एका डॉलरवर वाद रंगला. एकाचं म्हणणं, हे कॉम्प्युटर प्रोग्रामचं काम आहे. दुसऱ्याला त्यात मोठ्या गुंतवणूकदाराचा डाव दिसला. सगळा जागतिक बाजार म्हणजे क्वीन्सटाउनचा एक म्हातारा आणि बुकित बातोकचा दुसरा, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि चीफनी भाव सांगणं बंद केलं. कुणी डबी पुढे केली की ते म्हणायचे, "पंचांग बघा." पहिल्यांदा मला चेष्टा वाटली. दुसऱ्यांदाही. मग शनिवारमागून शनिवार गेले तरी तेच. लोक हळूहळू त्यांना विचारेनासे झाले. स्टूल तेच, भिंग तेच, पण चीफ नुसते शिंप्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसायचे. दर वेळी 'पंचांग बघा' म्हणून झालं की ते एक नजर माझ्याकडे टाकायचे. मी डब्या पुसत असायचो.

एका शनिवारी कुलकर्णी आले ते उड्या मारत. त्यांना दुसरा एक बंडूमामा मिळत होता, त्याच ग्रेडचा, चौदाशेला. "गाइडपेक्षा शंभरने खाली, काका!"

"घेऊ नका," चीफ म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांनी प्रथमच मत दिलं होतं.

"का?"

"चारशेचा आहे तो."

"पण तुम्हीच तर पंधराशे दिलेत!"

चीफनी माझ्याकडे पाहिलं. माझं एक वाक्य पुरेसं होतं. लिम अंकलच्या दुकानातलं घड्याळ एरवी ऐकू यायचं नाही, ते त्या दिवशी यंत्राशिवायसुद्धा मला ऐकू आलं असतं. मी म्हणालो, "बघा बुवा, ज्याची त्याची आवड." कुलकर्ण्यांनी ते कार्ड घेतलं. खोटा भाव दुसऱ्यांदा विकला गेला, आणि आता गाइडजवळ दोन विक्री झाल्या.

ही गोष्ट सात वर्षं मी कुणाला सांगितली नाही. शोकसभेनंतर मात्र राहवेना. प्रथम गाइडवाल्यांना सविस्तर पत्र लिहिलं, की तो भाव एका मत्सरी माणसाने चढवला, काढून टाका. त्यांचं सभ्य उत्तर आलं. विक्री खरी होती, दोन्ही ग्राहक खरे होते, रक्कम पोचली होती, तेव्हा तो भाव बाजाराचाच. त्यांच्या बाजूने ते बरोबर आहेत. मत्सराचा रकाना त्यांच्याकडे नाही.

मग गेल्या रविवारी कुलकर्ण्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. ते उठून गॅलरीच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांची मुलगी आतून म्हणाली, "पपा, व्हाय अंकल क्रायिंग?" मी काही रडत नव्हतो, डोळ्यांत घाम गेला होता.

"म्हणजे काका, माझं कार्ड कितीचं?"

"चारशेचं."

"हा चीफकाकांचा भाव?"

"हो."

"मग बरोबर असणार," कुलकर्णी म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला.

एक गोष्ट मात्र मी पत्रात लिहिली नाही आणि कुलकर्ण्यांनाही सांगितली नाही. ती चांगी विमानतळावरची.

चीफ आणि वहिनी मुलीजवळ राहायला कायमचे पुण्याला निघाले, त्याला आता दोन वर्षं झाली. पोचवायला मी एकटाच गेलो होतो. सामान देऊन झालं. वहिनी मिशीवाल्यांची पेटी हातातून सोडत नव्हत्या. चीफनी मला बाजूला घेतलं.

"काही सांगायचं राहिलंय का, भावे?"

"तब्येतीला जपा," मी म्हणालो.

चीफनी मान हलवली. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. "आत गेल्यावर उघडा. नीट ऐका. मी आत गेल्यावर, तुम्ही घरी गेल्यावर नव्हे."

ते दोघे आत गेले. पासपोर्ट तपासणीच्या यंत्राने चीफचा अंगठा ओळखला नाही. चाळीस वर्षं इंजिनात घासून त्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. "अंकल, ट्राय अगेन, प्रेस हार्डर," तिथली बाई सांगत असावी, आणि चीफ तिला झीज म्हणजे काय ते समजावून देत असावेत, कारण रांग खोळंबली होती. मी काचेच्या अलीकडे उभा राहून पुडकं सोडलं.

आत बंडूमामा होता. एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघत होता. डबी उलटी केली. मागे चीफचं स्टिकर, शाई जुनी होऊन तपकिरी झालेली.

पंचांगभाव ६००
माझा भाव ४००
भावेभाव १५०१

आणि त्याखाली, आणखी बारीक अक्षरात: फोन चालू, बोली बंद. फोन ठेवला, बोली आली. तीनदा.

खाली सही.

गुडघ्याचं तेल. आजची तारीख. भावे, बाहेर जा. भावे, या. सहा वर्षं त्यांनी मला दर शनिवारी दार उघडून दिलं होतं आणि मी कॉरिडॉरमध्येच उभा राहिलो होतो.

मान वर केली तेव्हा चीफ पलीकडे पोचले होते. त्या बाईने मशीन बाजूला ठेवून त्यांना हाताने सोडलं होतं. ते काचेतून माझ्याकडेच बघत होते. हाका मारून उपयोग नव्हता, काच जाड होती. मी डबी काखेत धरली आणि दोन्ही हातांनी कान पकडले. शहात्तर वर्षांचा माणूस, भर चांगीत, एका कानात यंत्र. ते दाबलं गेलं आणि शिटी मारायला लागलं असावं, कारण शेजारचं एक कुटुंब दचकून बाजूला झालं.

चीफनी चष्मा कपाळावर चढवला. मला नीट पाहिलं, आधी सरळ, मग मान तिरकी करून, घडी बघतात तसं. मग एका हाताची पाच बोटं दाखवली आणि दुसऱ्या हाताचं एक. सहा. थोडं थांबले. त्या दुसऱ्या हाताचं आणखी एक बोट वर आलं, आणि विचार करून त्यांनी ते अर्ध्यात दुमडलं.

तेवढ्यात वहिनींनी त्यांची बाही ओढली.